मदत हवी आहे: विटांची रॉकेट चूल धुमसते, टोप ठेवला की ज्वाळ उलटी येते

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी मागच्या पडवीत आईसाठी रॉकेट चूल बांधली आहे. अंघोळीचं पाणी आणि भाताचा मोठा टोप एवढंच तिच्यावर व्हायचं आहे. आईचा खोकला धुरामुळे हटत नाही, म्हणून हा खटाटोप. एकदा पाऊस लागला की पडवीला ताडपत्री बांधावी लागते आणि धूर आतच कोंडतो, त्यामुळे त्याआधी चूल मार्गी लावायची आहे.

बांधणी अशी: इंग्रजी एल अक्षरासारखा मार्ग. आडवं तोंड आतून ४ बाय ४ इंच, उभी नळीही तेवढीच, उंची १२ इंच. साध्या लाल विटा, आतून माती-शेणाचं लिंपण. बाहेर चिऱ्याची चौकट, आणि विटा व चिरे यांच्यामधल्या जागेत वाळू-सिमेंट ठासून भरलं आहे, म्हणजे हलायला नको. टोप थेट विटांवर टेकतो. एका बाजूला दोन विटांमध्ये बोटभर फट आहे, तेवढीच वाट.

नारळाची सोडणं आणि काटक्या घातल्या की सुरुवातीला बरी पेटते. टोप चढवला की ज्वाळ मागे फिरते आणि तोंडातून बाहेर जीभ काढते. लाकडाची टोकं पेटायच्या ऐवजी धुमसत राहतात, तळाशी निखारे साचतात आणि फुंकणी हातातून सुटत नाही. टोपाच्या बुडाला चिकट काळा थर धरतो, तो राखेने घासूनही जात नाही. अर्ध्या-पाऊण तासाने थोडी सुधारते, पण तोवर पाणी तापवायची वेळ टळून गेलेली असते.

लाकूड काजूच्या छाटणीचं आणि आंब्याचं, मनगटाएवढं जाड. हार्डवेअरच्या दुकानात जीआय पाइपचा तुकडा मिळतोय, तो नळीत बसवून उंची वाढवू का?

प्रतिसाद:

दादा, जीआय पाइप आत अजिबात घालू नका. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ अंशांना उकळतं, आणि चांगल्या पेटलेल्या रॉकेट चुलीत एवढी आच होऊ शकते. त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. आईंच्या छातीला आधीच त्रास आहे. आणि उंची तुमची ठीकच आहे, नळी रुंदीच्या तिप्पट आहे.

"अर्ध्या-पाऊण तासाने सुधारते" हे तुम्ही लिहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. ही चूल १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी मांडली, आणि त्यात आगीभोवतीची भिंत हलकी, उष्णता अडवणारी हवी हा मुख्य मुद्दा आहे. वाळू-सिमेंट आणि चिरा दोन्ही जड. सुरुवातीची सगळी आच ते स्वतःच पितात. नळी थंड, म्हणून ओढ नाही, आणि ओढ नाही म्हणून धूर जळायच्या आत निसटतो. बुडाला चिकटतो तो हाच न जळलेला धूर. मधलं वाळू-सिमेंट काढा आणि तिथे कोरडी राख भरा. भातगिरणीतून तुसाची राख मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती ठासायची नाही, सैलच ठेवायची, आणि तिला पाणी लागू द्यायचं नाही.

टोप ठेवल्यावरच ज्वाळ उलटते, ते मात्र त्या बोटभर फटीमुळे. जेवढी जागा नळीत, तेवढी टोपाखाली हवी. हिशेब सोपा आहे: नळीचं क्षेत्रफळ १६ चौरस इंच, चारी बाजूंची लांबी १६ इंच, म्हणजे टोप सगळीकडून १ इंच उचललेला पाहिजे. खापराचे तीन जाड तुकडे ठेवून बघा. हे आजच करता येईल.

तोंडात मध्यावर पत्र्याची फळी पण बसवा. लाकूड वर, हवा खालून. आत्ता लाकूड तळावर पडतं आणि स्वतःच्याच हवेची वाट बंद करतं.

आणखी एक प्रतिसाद:

वरच्या ताईंशी सहमत. भर एवढीच की मनगटाएवढं लाकूड या तोंडाला जाड आहे. अंगठ्याएवढं फोडून घ्या, दोन-तीन काड्याच घाला आणि टोकं जळतील तशा आत सारा. काजूचं ताजं लाकूड दिसायला कोरडं वाटलं तरी आत ओल धरून असतं. ते पाणी उडवण्यातच बरीच आच खर्ची पडते. आत्ताच फोडून माळ्यावर रचून ठेवा.

आणि पावसाळ्यात ताडपत्री खालपर्यंत ओढून बांधू नका. चूल कितीही स्वच्छ जळली तरी कार्बन मोनॉक्साइड थोडा निघतोच, आणि तो दिसत नाही. कौलांखाली हवेला वाट ठेवा.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार. खापराचे तुकडे ठेवून लगेच पाहिलं. ज्वाळ आता उलटत नाही, टोपाच्या बुडावर सगळीकडून पसरते, आणि आईने पहिल्यांदाच फुंकणी बाजूला ठेवली. पेटताना धूर अजून आहे. बिस्किटाच्या जुन्या डब्याचं झाकण कापून फळी केली आहे, काड्याही बारीक फोडल्या आहेत.

आता सिमेंट फोडायला घेतो. तुसाची राख खालच्या वाडीतल्या भातगिरणीवर मिळेल. एकच विचारायचं आहे: राख हळूहळू खाली बसेल ना? मग वरचा भाग लिंपून बंद करायचा की मोकळा ठेवायचा?

प्रतिसाद:

बसतेच. वर मातीचा पातळ थर द्या, पण एका कोपऱ्यात वीट सुटी ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी ती उचलून काडीने खोली बघायची आणि लागेल तेवढी भर घालायची. फोडताना आतल्या विटांना धक्का लागू देऊ नका. लिंपणाला चीर गेली तर राख थेट आगीत गळते.