ल्यूथर व्हँड्रॉस सोलो झाला हे ठीक, पण तो खरा मोठा होता कोरसमध्येच

तिय्या (धागालेखक)

अमेरिकन रॅपर केंड्रिक लामार आणि गायिका सिझाचं 'ल्यूथर' हे गाणं २०२५ मध्ये बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत १३ आठवडे पहिल्या जागेवर बसून होतं. त्यात मागे जो जुना आवाज फिरत राहतो तो अमेरिकन गायक ल्यूथर व्हँड्रॉसचा. तो गेला २००५ मध्ये. जिवंतपणी त्याचं एकही सोलो गाणं त्या यादीत पहिलं आलं नाही. आणि हा तुकडा त्याच्या स्वतःच्या अल्बममधलाही नाही! १९८२ मध्ये शेरिल लिनच्या 'इन्स्टंट लव्ह'साठी त्याने तिच्याबरोबर मार्विन गे आणि टॅमी टेरेलचं एक युगुलगीत पुन्हा गायलं, तिथून तो उचललाय. तो अल्बम प्रोड्यूसही त्यानेच केला होता.

तेव्हा मुद्द्यावर येतो. ल्यूथरचं सगळ्यात जिवंत काम १९७४ ते १९८२ मधलं आहे, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्यांच्या नावाखाली निघालेलं आहे.

ऑगस्ट १९७४. फिलाडेल्फियातला सिग्मा साउंड स्टुडिओ. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी 'यंग अमेरिकन्स' हा अल्बम करतोय. गिटारवादक कार्लोस अलोमार हा ल्यूथरचा जुना दोस्त, तो त्याला नुसतं रेकॉर्डिंग बघायला घेऊन आलेला. ल्यूथर बाजूला बसून अलोमारच्या बायकोला, रॉबिन क्लार्कला, हळूच गाऊन दाखवतोय की इथे कोरस (मुख्य गायकामागचे आवाज) असा आला तर? बोवीच्या कानावर ते पडलं आणि हा पाहुणा माइकसमोर उभा राहिला. त्या अल्बमवरच्या कोरसवर त्याचा ठसा आहे. त्याचं 'फंकी म्युझिक' हे गाणंही बोवीने घेतलं, शब्द फिरवले आणि 'फॅसिनेशन' केलं. श्रेय दोघांना. मूळ गाणं ल्यूथरने १९७६ मध्ये 'ल्यूथर' याच नावाच्या आपल्या गटाकडून काढलं. त्या गटाचे दोन अल्बम आले, दोन्ही पडले.

मग इतरांच्या रेकॉर्डवर कोरस: गायिका बेट मिडलर, शिक आणि सिस्टर स्लेज हे गट, निर्माता क्विन्सी जोन्स. शिकच्या 'एव्हरीबडी डान्स'मागे तो आहे, सिस्टर स्लेजच्या 'वी आर फॅमिली' अल्बममागेही आहे. १९८० मध्ये चेंज या इटालियन निर्मात्यांच्या गटासाठी 'सर्चिंग' आणि 'द ग्लो ऑफ लव्ह' ही दोन गाणी मुख्य आवाजात गायला. १९८१ ला त्याचा पहिला सोलो अल्बम 'नेव्हर टू मच', अप्रतिम. आणि त्यानंतर? हळूहळू बॅलड (संथ प्रेमगीतं), बॅलडवर बॅलड, रेशमी सूट आणि मेणबत्त्या. फंक, तो नाचायला लावणारा ठेका, कुठे गेला?

मला विरोध हवाय, म्हणून धागा काढलाय. या.

रेकॉर्डवाला

आलो. साफ असहमत.

'नेव्हर टू मच' अल्बमचं शेवटचं गाणं ऐकलंय ना? 'अ हाउस इज नॉट अ होम'. बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिडची रचना, डियॉन वॉरविकने १९६४ मध्ये गायलेली, जेमतेम तीन मिनिटांची. ल्यूथरने ती सात मिनिटांवर नेली. तेही नुसता वेळ काढून नाही. एकेका शब्दापाशी तो थांबतो, पुढचा स्वर येणार असं वाटतं तेव्हा देत नाही, आणि शेवटी तीच ओळ परतपरत घेताना दर वेळी तिचा रंग बदलतो. कोरसवाल्याच्या वाट्याला हे येतच नाही हो. त्याला चार मात्रा मिळतात, त्यात आत शिरायचं आणि बाहेर पडायचं.

पुढे एका पुरस्कार सोहळ्यात त्याने हेच गाणं डियॉन वॉरविकच्या समोर गायलं. कॅमेरा तिच्यावर जातो तेव्हा ती रडतेय. जिचं गाणं तीच. याला तुम्ही मेणबत्त्या म्हणणार?

शनिवारवाला

धागालेखकाला +१. 'सर्चिंग' हेडफोन लावून ऐका आणि मग बोला. बाकी चालू द्या.

खर्जातला

मी स्वतः बँडमध्ये कोरस गातो (लग्नाच्या, हसू नका), म्हणून थोडं आतलं सांगतो.

वर लिहिलंय की कोरसवाल्याने आत शिरायचं आणि बाहेर पडायचं. बरोबर, पण त्यात काय काय आहे? तीन-चार जणांचा स्वर एकाच क्षणी सुरू व्हायला हवा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच क्षणी तुटायला हवा. शब्दाच्या शेवटी 'स' किंवा 'ट' असेल तर तो सगळ्यांनी उच्चारायचा की एकानेच, हेसुद्धा ठरवावं लागतं, नाहीतर टेपवर फटाक्यांची माळ ऐकू येते. स्वतःच्या आवाजातली कंपनं काढून टाकायची. तुमची ओळख पुसली गेली तरच काम झालं.

ल्यूथर ही सगळी शिस्त घेऊन सोलोत आला. 'नेव्हर टू मच' परत ऐका, पण या वेळी त्याच्याकडे लक्ष देऊ नका, मागे ऐका. सिसी ह्यूस्टन, टवाथा एजी, फॉन्झी थॉर्नटन ही माणसं त्याच्या रेकॉर्डवर पुन्हापुन्हा भेटतात. मार्कस मिलरचा बास पुढे धावतो, आणि कोरस मधेमधे मुख्य गायकाला ढकलतो, कधी उत्तर देतो, कधी त्याचं वाक्य पुरं करतो. दुसऱ्या गायकाच्या अल्बममध्ये कोरस शेवटी भरतात. ल्यूथरची गाणी मला कोरसपासून वर बांधल्यासारखी वाटतात आणि त्याची स्वतःची ओळ त्यावर बसवल्यासारखी.

म्हणून 'कोरस की सोलो' हा वादच मला फोल वाटतो. तो कोरस सोडून कुठे गेलाच नाही. फक्त मधला माइकही त्याने घेतला.

तिय्या

@खर्जातला, हे छान लिहिलंय, आणि यातून माझीच बाजू भक्कम होते. कोरसपासून वर बांधणं, ते १९८१-८२ पर्यंत जाणवतं. १९८६ च्या 'गिव्ह मी द रीझन'पर्यंतही 'स्टॉप टू लव्ह'सारखं एखादं गाणं सापडतं. पुढे ड्रम मशीन, सिंथ, आणि त्याच्या मधोमध एकटा आवाज. कोरस असतो, पण गालिच्यासारखा पसरलेला. उत्तर देत नाही.

@रेकॉर्डवाला, 'अ हाउस इज नॉट अ होम' महान आहे हे मान्य. पण ते यशस्वी झालं म्हणून पुढची वीस वर्षं त्याच्याकडून तेच मागितलं गेलं. एका गाण्याने त्याची सगळी वाट ठरवून टाकली.

न्यूजर्सीवाली

"मागितलं गेलं" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण कोणी मागितलं ते बोलूया का?

'नेव्हर टू मच' हे गाणं आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, यादीत पहिलं आलं. हॉट १०० मध्ये कितवं? ३३ वं. हा फरक आवाजाचा नव्हता. त्या काळात अमेरिकन रेडिओवर कृष्णवर्णीय गायकांची स्टेशनं वेगळी आणि 'पॉप' स्टेशनं वेगळी होती, कंपन्यांचे विभागही वेगळे, प्रचाराचा पैसाही वेगळा. ज्याचे अल्बम प्लॅटिनम होत होते, ज्याने १९८९ मध्ये लंडनचं वेंब्ली अरीना रात्रीमागून रात्री भरून दाखवलं, त्याला आपल्याच देशात हॉट १०० च्या पहिल्या दहांत यायला १९९० उजाडलं. कोणतं गाणं? 'हिअर अँड नाऊ'. लग्नात वाजेल असं बॅलड. त्याचं पहिलं ग्रॅमीही त्यावरच. पॉपचा दरवाजा फक्त या एका आकारात उघडत असेल तर माणूस तोच आकार घेणार. फंक कुठे गेला हे ल्यूथरला विचारू नका, रेडिओवाल्यांना विचारा.

(अवांतर: तो गेला तो आमच्या एडिसनच्या हॉस्पिटलमध्ये, १ जुलै २००५ ला. आमच्या मंडळात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गणपतीच्या तयारीत मी सांगितलं तर दोघांनी विचारलं, कोण ल्यूथर? मार्टिन ल्यूथर किंग का?)

रेकॉर्डवाला

@न्यूजर्सीवाली, रेडिओचा मुद्दा १००% मान्य, पण निष्कर्ष नाही. बॅलड त्याच्यावर कोणी लादलं नाही. हा मुलगा न्यू यॉर्कमध्ये डियॉन वॉरविक, अरेथा फ्रँकलिन आणि डायना रॉसच्या सुप्रीम्स ऐकत वाढला. बायकांचे आवाज, मोठी वाद्यवृंदी गाणी. त्याच्या डोक्यात संगीत म्हणजे हेच होतं. फंक हा त्याचा रोजगार होता, आवड बॅलडची होती. आपल्याला नाचायला हवं म्हणून त्याने फंकमध्येच राहायचं, हा काय हट्ट?

पैशापासरी

रोजगारावरून आठवलं. कोरस म्हणजे उपेक्षा, अंधार, गरिबी असं एक चित्र या धाग्यात नकळत तयार होतंय. ल्यूथर सत्तरच्या दशकात जाहिरातींच्या जिंगल गायचा. ज्यूसी फ्रूट च्युइंगगम, केंटकीची कोंबडी, असं बरंच. अमेरिकेत जिंगल गाणाऱ्याला जाहिरात पुन्हा लागली की युनियनच्या नियमाने पुन्हा पैसे मिळतात. त्याचं उत्तम चाललं होतं. सोलोसाठी तो कंपन्यांकडे गेला तेव्हा त्याची अट होती की प्रोड्यूसर मीच. म्हणून नकार मिळत गेले. ज्याच्या हातात नियमित पैसा असतो त्यालाच असा हट्ट परवडतो. शेवटी एपिक या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या अटीवर घेतलं.

त्याला त्या आरामातून बाहेर ढकललं ते रॉबर्टा फ्लॅकने. तो तिच्याकडे गात होता आणि तीच त्याच्या मागे लागली की आता स्वतःचं काढ.

बारीक आवाज

कोणी 'आपल्याकडचे कोरस गायक' हा विषय काढायच्या आत सांगते: तो वेगळा आणि मोठा धागा आहे. इथे नको.

लिसा फिशरचं नाव अजून कसं आलं नाही? ल्यूथरच्या मागे गाणारी, स्टेजवर चमकत्या गाऊनमधली. १९९१ मध्ये तिचा सोलो अल्बम आला, 'हाउ कॅन आय ईझ द पेन' आर अँड बी यादीत पहिलं, ग्रॅमी मिळालं. दुसरा अल्बम आला नाही. १९८९ पासून ती रोलिंग स्टोन्सबरोबर दौरे करत होती, ते वर्षानुवर्षं केले, आणि ल्यूथरकडेही गात राहिली. फॉन्झी थॉर्नटन ल्यूथरच्या लहानपणापासूनचा. त्यालाही १९८३ मध्ये सोलोची संधी मिळाली, पण नाव झालं ते इतरांच्या रेकॉर्डवर.

ल्यूथरला सोलो गायक व्हायचं होतं म्हणून तो झाला. लिसाला, तिच्याच सांगण्याप्रमाणे, त्या स्पर्धेत रस नव्हता. 'कोरसमधून वर आला' असं आपण लिहितो तेव्हा कोरस खाली असतो हे गृहीत धरतो. @तिय्या, तुमच्या शीर्षकातसुद्धा 'झाला हे ठीक, पण' आहे. उलट्या बाजूने का होईना, शिडी तीच.

शनिवारवाला

शिडीचं माहीत नाही, पण गाऊन खरंच चमकायचे. वेंब्लीचा व्हिडिओ बघा. प्रेक्षकांची नजर ल्यूथरवर किती आणि लिसावर किती हा स्वतंत्र संशोधनाचा विषय.

तिय्या

@बारीक आवाज, शिडी मोडायलाच धागा काढला होता. कोरस खाली नाही, उलट ल्यूथरचं अस्सल घर तेच, असं मी म्हणतोय. आणि 'डान्स विथ माय फादर'बद्दल कोणी बोललं नाही याचं नवल वाटतं. एप्रिल २००३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, जूनमध्ये अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. रिचर्ड मार्क्सबरोबर लिहिलेल्या शीर्षकगीताला साँग ऑफ द इअरचं ग्रॅमी मिळालं. वडील गेले तेव्हा तो अवघा सात वर्षांचा होता, त्यामुळे गाण्यावर टीका करायला कोणी धजावत नाही. मी करतो. गोड आहे, सच्चं आहे, पण ते दुसऱ्या चांगल्या गायकालाही गाता आलं असतं. 'सर्चिंग' दुसऱ्याला जमलं नसतं.

रेकॉर्डवाला

अहो 'सर्चिंग' कोरस नाही! तुम्हीच वर लिहिलंत, मुख्य आवाजात गायला. केंड्रिकने उचललेल्या तुकड्यातही ल्यूथर शेरिल लिनच्या शेजारी उभा आहे, मागे नाही. तुमच्या पुराव्यातली निम्मी गाणी मुख्य गायकाची आहेत आणि तुम्ही त्यांवर 'कोरस' अशी चिठ्ठी लावताय, कारण मुखपृष्ठावर त्याचं नाव मोठं नव्हतं.

आणि १९८२ चंच बोलायचं तर शेरिल लिनचा अल्बम प्रोड्यूस करायला त्याला कोणी बोलावलं? अरेथाचा 'जंप टू इट' त्याच वर्षी त्याच्या हाती कसा आला, ज्याने तिला बऱ्याच वर्षांनी आर अँड बी यादीत पहिलं नेलं? कोरसवाला म्हणून नाही, 'नेव्हर टू मच'चा ल्यूथर म्हणून. सोलो झाला नसता तर तुमचं आवडतं १९८२ झालंच नसतं.

तिय्या

नाव कोणाचं यालाच तर महत्त्व आहे. दुसऱ्याच्या अल्बमवर तो मोकळा असायचा. स्वतःच्या अल्बमवर त्याला 'ल्यूथर' व्हावं लागायचं.

'जंप टू इट'बद्दल: अरेथासमोर तो काय करतो ऐका. तिच्या प्रत्येक आरोळीखाली अचूक जागी ठेवलेला कोरस. नाचायला लावणारा, उत्तर देणारा. १९८१ नंतर मला हवा असलेला ल्यूथर दुसऱ्याच्या रेकॉर्डवर जिवंत होता, हेच मी सांगतोय.

न्यूजर्सीवाली

बरं मग १९९४ चं 'एंडलेस लव्ह'? मराया कॅरीबरोबर, डायना रॉस आणि लायनेल रिचीच्या गाण्यावर. दोघांचं नाव, दोघांचा अल्बम नाही, त्याच्याच 'साँग्स'मधलं. हॉट १०० मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, त्याचं सगळ्यात वर पोचलेलं गाणं. मोकळा की बांधलेला?

खर्जातला

ऐकून आलो. मराया मोठी झेप घेते तिथे तो खाली सरकतो, तिला जागा देतो, मग तिच्याच स्वराखालचा स्वर धरतो आणि ती सोडेपर्यंत सोडत नाही. दोघं एकाच क्षणी तुटतात. ते कोणी शिकवलं त्याला, सांगा.

रेकॉर्डवाला

डियॉन वॉरविकने. उद्या रात्री सविस्तर लिहितो, आता दुकान बंद करायचंय.