दोन अंश वाढले की कर्ब उडणार, म्हणून उसाचं पाचट पेटवायचं?

ढेकूळ: "हवामान मॉडेलच सांगतंय, दोन अंश तापमान वाढलं की जमिनीतला सेंद्रिय कर्ब उडणार. मग पाचट कुजवायची उठाठेव कशाला? पेटवा आणि मोकळे व्हा." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा हिशेब करणारं रॉथ-सी मॉडेल उघडून बघा. विघटनाच्या वेगाचा तापमान गुणक ९ अंशांना १ च्या जवळ, २७ ला ४.२, २९ ला ४.६. म्हणजे आपल्याकडे दोन अंशांनी वेग वाढतो सुमारे ९ टक्के. इंग्लंडात ९ चे ११ झाले तर ३० टक्के. धसका घ्यायचा तर त्यांनी. आणि पेटवलेल्या पाचटातला कर्ब त्याच दुपारी जातो, सन २१०० पर्यंत थांबत नाही.

चौदा नंबर: ९ टक्के कशाचे? आधीच चौपट असलेल्या वेगाचे! गुणक तिकडे ०.२८ नं वाढला, इकडे ०.४ नं. टक्केवारीची चलाखी पुरे.

ढेकूळ: साठा ठरतो आवक (मातीत पडणारा कर्ब) भागिले विघटनाचा वेग. आवक तीच राहिली तर आपला साठा शेवटी साडेआठ टक्क्यांनी घटतो, त्यांचा तेवीसच्या आसपास. तुमची वजाबाकी इथं कामाची नाही.

वाफसा: दोघंही ओलावा विसरलात. मे महिना सरासरी ३३ अंश धरा, गुणक ५.४. पण रान कोरडं ठक्क, ओलाव्याचा गुणक ०.२. गुणाकार १.१, म्हणजे इंग्लंडातल्या गार, ओल्या महिन्याइतकाच. पीक उभं असेल तर आणखी ०.६ नं गुणायचं. खरी झीज पावसाळ्यात. उसाला मात्र मेमध्येही पाणी चालू असतं आणि लोक पावसाच्या रकान्यात नुसता पाऊस भरतात. पाटाचं पाणी मिळवायचं राहून जातं, मग मॉडेल मेभर झोपा काढतं.

चुनखडीवाला: गुणक कसले कुटताय, सुरुवातीचा आकडाच खोटा असतो. नमुना जाळून कर्ब मोजणाऱ्या यंत्रात चुनखडीचाही कर्ब येतो, तो सेंद्रिय नव्हे. चुनखडीत १२ टक्के कर्ब. मातीत १० टक्के चुनखडी असली की ०.५ टक्के कर्बाचा अहवाल १.७ येतो. आधी आम्लानं फसफस थांबेपर्यंत ती घालवायला हवी. वॉकली-ब्लॅक या रसायनानं मोजायच्या पद्धतीला चुनखडीचा त्रास नाही, पण त्यात साधारण ७७ टक्केच कर्ब सापडतो म्हणून १.३ नं गुणतात. प्रयोगशाळेनं गुणलेलं असतं, आपले विद्वान पुन्हा गुणतात. झाला ३० टक्के फुकटचा कर्ब.

चौदा नंबर: विषय मॉडेलचा आहे, प्रयोगशाळेचा नाही.

चुनखडीवाला: मॉडेल काय हवा खातं? अजून ऐका. ०.५ टक्के कर्ब, १५ सेंमी खोली, घनता १.३ (घन सेंमीला ग्रॅम), म्हणजे हेक्टरी पावणेदहा टन. काळी माती ओली असताना फुगते, वाळली की आवळते. आधीचा नमुना ओल्यात १.२ घनतेचा, नंतरचा कोरड्यात १.५ चा घेतला तर ९ टनांचे सव्वाअकरा झाले. शेणाची एक पाटीही न टाकता! मातीत कर्ब साठवला म्हणून कार्बन क्रेडिट विकणाऱ्यांना हे बरं कळतं.

वाफसा: खोलीपेक्षा मातीचं वजन सारखं ठेवून तुलना करतात हो. एवढं तांडव नको.

चुनखडीवाला: करतात? करायला हवी म्हणा.

चौदा नंबर: बरं बुवा, तुमची चुनखडी जिंकली. पण जागतिक मॉडेलांचं काय? सीएमआयपी-५ या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलनेत, आरसीपी ८.५ या सर्वाधिक उत्सर्जनाच्या गृहीतकाखाली, शतकाअखेर एक मॉडेल जमिनीतून ७२ अब्ज टन कर्ब घालवतं, दुसरं २५३ अब्ज टन वाढवतं. चिन्हसुद्धा जुळत नाही.

ढेकूळ: कारण त्यातल्या बहुतेकांना नत्र ठाऊकच नव्हतं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं वाढणार, पालापाचोळा वाढणार, कर्ब वाढणार, इतका सरळ हिशेब. झाडाला नत्र कोण देणार? पाचटाचंही तेच. नत्र न देता सरीत लोटलं की जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात, खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो आणि लोक काडी लावतात. हेक्टरी ८ ते १० टन पाचटाला ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट, १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. वर लगेच पाणी.

चौदा नंबर: हे कालच्या त्या पोस्टखाली टाका. मी काडी लावा म्हटलेलं नाही.