सहा तासांत नळी निघेल का, हे आदल्या दिवशी सांगता येते काय?

भूलतज्ज्ञ: ‘प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर श्वासाची नळी सहा तासांत कोणाची निघेल, हे वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकते ते) पाहून आदल्या दिवशीच कळते, आयसीयूतील खाटांचे नियोजन त्यावरच करावे,’ असा दावा वाचला आणि उत्तर देणे भाग पडले. बायपास यंत्रावर (शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) किती वेळ गेला, ड्रेनमधून (छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून) किती रक्त येते, अंग किती थंड आहे, इनोट्रोप (हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारे औषध) किती लागते, हे शस्त्रक्रियेनंतरच समजते. १९९० च्या दशकात रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवण्याची प्रथा मोडली ती फेंटानिल या वेदनाशामक अफूवर्गीय औषधाची मात्रा कमी केल्यामुळे, अंदाजाच्या सूत्रांमुळे नव्हे.

संख्याशास्त्रज्ञ: मूत्रपिंड बिघडलेला, तातडीने टेबलावर घेतलेला किंवा दुसऱ्यांदा छाती उघडलेला रुग्ण मागे रेंगाळतो, हे आपण रोज पाहता, मग तीच गोष्ट आकड्यांत मांडली तर राग का यावा? आम्ही शक्यता सांगतो, आदेश देत नाही.

आयसीयू परिचारिका: आपण दोघे ज्या वेळेवर वाद घालता, ती पुष्कळदा रुग्ण ठरवतच नाही, कर्मचाऱ्यांची पाळी ठरवते. माझा एक रुग्ण मध्यरात्रीनंतर पूर्ण जागा होता, सांगितल्याबरोबर हात दाबत होता, रक्तवायूंचा अहवाल उत्तम होता; परंतु निर्णय घेणारे डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकल्यामुळे नळी सकाळच्या फेरीपर्यंत तशीच राहिली. नोंदीत तो ‘उशिरा नळी निघालेला’ ठरला. अशा नोंदींवर घडवलेले सूत्र रुग्णाचे फुप्फुस शिकते की आमचे वेळापत्रक?

भूलतज्ज्ञ: रात्री नळी न काढणे म्हणजे हलगर्जी, असे सुचवू नये. घसा सुजलेला, रक्तदाब कोसळणारा आणि मदतीला एकच हात, अशा स्थितीत मी पहाटे पुन्हा नळी घातली आहे. ती मिनिटे ज्याने अनुभवली नाहीत त्याने आम्हाला घाई शिकवू नये.

आयसीयू परिचारिका: हलगर्जी हा शब्द आपला आहे, माझा नाही. मदतीला एकच हात होता, हीच तर माझी तक्रार आहे! रात्रपाळीत एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरचे दोन ताजे रुग्ण दिले, तर सेडेशन (गुंगीचे औषध) कमी करण्याचे धैर्य कोण करील? मनुष्यबळ दिले जात नाही आणि उशिराचे खापर मात्र रुग्णाच्या वयावर फोडले जाते.

संख्याशास्त्रज्ञ: हा आक्षेप मला टाळता येत नाही. रुग्ण आयसीयूत कोणत्या वेळी आला आणि त्या पाळीत किती माणसे होती, हे विश्लेषणात घेतलेच पाहिजे. मात्र म्हणून अंदाजच नको, हे मला मान्य नाही.

भूलतज्ज्ञ: पुन्हा नळी घालावी लागलेले रुग्ण ‘यशस्वी’ म्हणून मोजणार नसाल आणि आयसीयूत आल्यावर अंदाज नव्याने मांडणार असाल, तर खाटांच्या नियोजनापुरता माझा विरोध मी नाइलाजाने मागे घेतो. नळी काढण्याचा निर्णय मात्र रुग्णाजवळ उभे राहूनच होईल.