खासगी पार्किंगची नोटीस केराच्या टोपलीत टाकावी का?

स्लाउकर:
परवा एका सदस्याने येथे ठणकावून लिहिले की, दंड लावण्याचा अधिकार पोलीस आणि कौन्सिल यांनाच असल्याने सुपरमार्केटच्या आवारातील खासगी कंपनीची नोटीस सरळ केराच्या टोपलीत टाकावी. या सल्ल्यावर विसंबून कोणी कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी चार गोष्टी सांगणे भाग आहे. 1 ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’चे चौथे परिशिष्ट लागू आहे, चालक कोण होता हे कंपनीला ठाऊक नसले, तरी तिने त्यातील अटी पाळल्या असतील तर नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, रक्कम मागता येते. पुढे 2015 मध्ये चेम्सफर्डच्या बीव्हिस प्रकरणात, दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा 56 मिनिटे अधिक थांबल्याबद्दल आकारलेले 85 पौंड सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले.

म्हणून कीपरने आधी तारखा पाहाव्यात. काचेवर काही चिकटवले नसेल आणि कॅमेऱ्यानेच नंबर टिपला असेल, तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून 14 दिवसांत नोटीस कीपरच्या पत्त्यावर पोहोचलीच पाहिजे. उशीर झाला असल्यास, ‘मी कीपर आहे, चालकाचे नाव मी देत नाही, आणि मुदत टळल्याने माझ्यावर जबाबदारी येत नाही’ एवढेच कळवावे. ‘मी गाडी लावली होती’ असे एकदा लिहिले, की ही ढाल हातची गेली.

रेडिंगची काकू:
म्हणजे गाडी लावायची आणि पत्रात ‘चालक कोण ते सांगत नाही’ म्हणायचे, हेच आपले संस्कार का? आमच्या घरी 100 पौंडांची नोटीस आली, तेव्हा यजमानांनी 14 दिवसांच्या आत सवलतीचे 60 भरले आणि विषय संपला. कायद्याच्या पळवाटा शोधत रात्री जागवण्यापेक्षा फलक नीट वाचावा.

तिरकस हाउन्सलोकर:
काकू, संस्कारांची उठाठेव आपण त्या कंपन्यांकडेही करावी. वाहननोंदणीचे सरकारी खाते डीव्हीएलए आपले नाव आणि पत्ता प्रत्येक चौकशीमागे अडीच पौंडांना देऊन टाकते, तेव्हा कोणाचे संस्कार आडवे येत नाहीत. नोटिशीवरचे फोटो पाहा: एक आत शिरतानाचा, एक बाहेर पडतानाचा, दोन्हींत नंबर प्लेट आणि हेडलाइटचा झोत, माणसाचा पत्ताच नाही. पुरावा त्यांनी द्यायचा की आम्ही? वेगमर्यादेच्या प्रकरणात पोलिसांनी विचारले तर नाव द्यावेच लागते. खासगी कंपनीपुढे तसे बंधन नाही.

रेडिंगची काकू:
बंधन नाही म्हणून खरे बोलूच नये, असा याचा अर्थ होत नाही. आणि कोणाची गाडी आहे हे कळलेच नाही, तर अपंगांच्या जागा अडवणाऱ्यांना आवर कोण घालणार? ते अडीच पौंड मला मुळीच खुपत नाहीत.

तिरकस हाउन्सलोकर:
आपल्याला नसतील खुपत, मला खुपतात. खोटे बोला असे येथे कोणीही म्हटलेले नाही. गप्प राहणे आणि खोटे नाव देणे यांत फरक असतो, हे आपल्याला ठाऊक असूनही आपण मुद्दाम गल्लत करीत आहात.

मूळचा सातारी:
आपले भांडण चालू द्या, पण माझ्या भाच्याचे ऐका. त्याने घर बदलले आणि लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, पत्ता तसाच ठेवला. नोटीस, स्मरणपत्र, कोर्टाचा दावा, सारे जुन्या दारात पडून राहिले आणि त्याच्या गैरहजेरीत विरोधात निकाल लागून तशी नोंद झाली. महिन्याभरात पैसे भरले असते तर ती नोंद पुसली गेली असती. आता ती सहा वर्षे राहणार आणि गृहकर्जाला बँक तयार नाही. वसुलीवाल्यांच्या लाल अक्षरांना भिऊ नये, पण दाव्यापूर्वीच्या पत्राला आणि कोर्टाच्या कागदाला उत्तर द्यावेच.

स्लाउकर:
सातारकरांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो: ज्या विमानतळाच्या वा रेल्वेच्या जमिनीवर स्वतःचे उपविधी लागू असतात, तेथे हे परिशिष्ट लागूच होत नाही, त्यामुळे कीपरवर जबाबदारी टाकता येत नाही. स्कॉटलंडचीही गोष्ट वेगळी. कंपनीने हरकत फेटाळली, तर ती ज्या संघटनेची सदस्य असेल त्यानुसार पॉपला किंवा आयएएस या पार्किंग अपील ऐकणाऱ्या संस्थेकडे अपील करावे. पॉपलासाठी 28 दिवस मिळतात.

रेडिंगची काकू:
ठीक आहे, नोटीस उशिरा आली असेल तर पैसे भरू नयेत, एवढे मान्य करते. मात्र आमची नोटीस पाचव्या दिवशी आली होती, तेव्हा यजमानांनी 40 पौंड वाचवले याबद्दल या विद्वानांनी त्यांचे अभिनंदन करण्यास हरकत नसावी.