होडीवरचं सागवान करडं पडलंय: व्हार्निश, तेल की आहे तसंच ठेवू?

जाणकारांचा सल्ला हवा आहे.

होडी शिडाची, सांगाडा फायबरचा. बाहेरचं लाकूड मात्र सगळं सागवान: दोन्ही बाजूंच्या हँडरेल, कॉकपिटमधली (सुकाणूपाशी बसायच्या जागेतली) बाकं, हॅचची (डेकमधून खाली उतरायच्या झाकणाची) चौकट आणि पुढच्या डेकवरच्या पट्ट्या. आधीच्या मालकाने ती बरीच वर्षं उघड्यावर, ताडपत्रीसुद्धा न टाकता ठेवली होती. कुजलेलं कुठे नाही, पेचकसाचं टोक रोवून सगळीकडे बघितलं. पण प्रत्येक जागेची रड वेगळी आहे, म्हणून एकेक सांगतो.

हँडरेलवर जुनं व्हार्निश आहे. खालच्या अंगाला ते अजून घट्ट आणि चकचकीत, वरच्या उन्हाच्या अंगाला पापुद्रे सुटलेत. रेलचे पाय डेकला टेकतात तिथे व्हार्निशखाली दुधी-पिवळट डाग दिसतात. नखाने उचकलं तर पापुद्रा अख्खा निघतो आणि खाली लाकूड करडं.

बाकांना कधीकाळी तेल लावत असावेत. आता ती चंदेरी झालीत, वर बुरशीचे काळे ठिपके. बोट आडवं फिरवलं की कडक रेषा हाताला लागतात, मधला मऊ भाग झिजून खाली गेलाय.

हॅचच्या चौकटीत प्रत्येक स्क्रूभोवती निळसर काळं वर्तुळ आहे. घासून जात नाही.

सगळ्यात जास्त काळजी डेकची. पट्ट्यांमधल्या फटींत भरलेलं काळं रबर लाकडाच्या वर उचललं गेलंय, अनवाणी चाललं की पायाला कळतं. स्क्रूंवरची काही लाकडी बुचं सैल झालीत, एकदोन ठिकाणी तर स्क्रूचं डोकंच दिसतं.

सगळीकडे सँडर फिरवून पुन्हा सोनेरी लाकूड काढावं असं मनात आहे. ओळखीतले एक म्हणतात प्रेशर वॉशर मार, दुसरे म्हणतात ब्लीचने धू. तेलाबद्दल तर जितकी तोंडं तितकी मतं. हँडरेलच्या घट्ट व्हार्निशवरच नवीन हात मारला तर चालेल का, की सगळं खरवडायचं? डेकला नेमकं काय करू? दर महिन्या-दोन महिन्यांनी ब्रश घेऊन बसायची हौस मला नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद:

सँडर तूर्तास पेटीत ठेवा. डेकपासून सुरू करतो, कारण तिथे घासलेलं लाकूड परत येत नाही.

रबर उचललेलं वाटतंय खरं, पण ते जागेवरच आहे. लाकूड झिजून खाली गेलंय. वर्षानुवर्षं कोणीतरी कडक ब्रशने, बहुतेक रेषेच्या दिशेने, खसाखसा घासलेलं असणार. बुचं सैल होण्याचं कारणही तेच: लाकूड पातळ झालं की बुचाला धरायला खोलीच उरत नाही. एक सैल बूच काढा आणि स्क्रूच्या डोक्यापर्यंत किती खोली उरलीय ते मोजा. दोन-तीन मिलिमीटरच असेल तर त्या डेकवर सँडर फिरवायचा विषय संपला. ती बुचं आधी दुरुस्त करा. स्क्रू काढून खाच थोडी खोल करायची, भोकात इपॉक्सी भरायचं, स्क्रू परत बसवून नवं बूच रेषा जुळवून चिकटवायचं आणि सुकल्यावर धारदार पटाशीने सपाट करायचं. हे टाळू नका. डेकच्या आत बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा प्लाय असेल तर पाणी त्या भोकांतून आत शिरतं आणि वरचं सागवान ठणठणीत असताना आतला गाभा कुजतो. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा, पोकळ किंवा बद्द आवाज आला तर तिथे खूण करून ठेवा. वर आलेलं रबर नव्या ब्लेडने लाकडाच्या पातळीत कापलं तरी पुष्कळ काम होतं.

करड्या रंगाला घाबरू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) मोडतं, पावसापाण्याने ते धुतलं जातं आणि उरलेले तंतू चंदेरी दिसतात. हा थर अगदी पातळ असतो, खालचा साग जसाच्या तसा. लाकडातलं तेल त्याला सांभाळतं. म्हणून डेकला माझं उत्तर: काहीही लावू नका. समुद्राचं पाणी, मऊ ब्रश, रेषेला आडवं आणि हलक्या हाताने. मिठामुळे बुरशी कमी धरते. व्हार्निश तर पायाखाली कधीच नको, ओलं झालं की घसरगुंडी होते.

प्रेशर वॉशर मऊ भाग उकरून काढतो, म्हणजे बाकांवर जे झालंय तेच आणखी. क्लोरीनचं ब्लीच लिग्निनवरच जातं, तेव्हा तेही बाद.

प्रतिसाद:

हॅचच्या डागांबद्दल. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (एक तुरट द्रव्य) एकत्र आलं की ते काळं होतं. घासून जात नाही कारण ते आत मुरलेलं असतं. ऑक्झॅलिक अॅसिडची पूड कोमट पाण्यात विरघळवून लावा, थोडा वेळ ओलं राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. डाग डोळ्यांदेखत फिका पडतो. पण हे विष आहे: हातमोजे आणि चष्मा हवेतच, अॅल्युमिनियमच्या फिटिंगवर आणि फायबरवर सुकू द्यायचं नाही, आणि नीट धुतल्याशिवाय त्या जागेवर सँडपेपर मारायचा नाही, ती धूळ नाकातोंडात गेली तर त्रास होतो. आधी ते साधे स्क्रू काढून ब्राँझचे किंवा ३१६ स्टेनलेसचे टाका, नाहीतर डाग परत येतील. आणि सागाला स्टील वूल लावू नका. तुटलेले कण रेषांत अडकतात आणि गंजतात. ब्राँझ वूल मिळतं, ते वापरा.

प्रतिसाद:

तेलाची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. पहिल्या दिवशी तेल लावलेल्या सागासारखं देखणं काही नसतं. अडचण पुढची आहे. बाजारातलं ‘टीक ऑइल’ म्हणजे बहुतेक वेळा जवसाचं किंवा टंगचं तेल, थिनर आणि थोडं राळ. जवसाचं तेल उन्हात काळपट होतं आणि बुरशीला खाद्य पुरवतं. कडक उन्हात काही आठवड्यांत परत लावावं लागतं. धागाकर्ता ब्रशची हौस नाही म्हणतोय, तेव्हा माझंच मत माझ्या विरोधात जातंय. बाकांना सीलर (लाकडावर लावायचा संरक्षक लेप) लावा, तो तेलापेक्षा बराच जास्त टिकतो. बाकं जाड असतील तर आधी ८० आणि मग १२० नंबरने एकदाच सपाट करून घ्या, तिथे परवडतं. सागाच्या धुळीची अनेकांना अॅलर्जी असते, मास्क लावा.

एक महत्त्वाचं: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धागाकर्ता:

आभार. एक बूच काढलं, खोली जेमतेम दोन मिलिमीटर. डेकवर सँडर नाही, ठरलं. बाकांना सीलर. हँडरेल मात्र मला व्हार्निशचीच हवी आहे, ती होडीची शोभा आहे. घट्ट आहे तेवढं ठेवू का?

पहिल्या प्रतिसादातले:

दुधी डाग आहेत तिथे पाणी आत शिरलंय, तो सगळा भाग उघडा करावाच लागेल. आणि अर्धं ठेवलं तर जोड कायम दिसतो. सगळं काढा. हीट गन मंद ठेवून स्क्रॅपरने काढलं तर सँडपेपरपेक्षा लाकूड कमी जातं. रेल सोडवता आली तर उत्तम: पायाखाली सीलंट घालून परत बसवा, कारण पाणी तिथूनच चढलंय. कडा किंचित गोल करा, धारदार कडेवर व्हार्निश पातळ बसतं आणि पहिलं तिथेच फाटतं.

८०, १२०, १८० असं घासून झालं की अॅसिटोनच्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. सागाचं तेल वर राहिलं तर व्हार्निश धरत नाही. पुसलं की तेल परत वर यायच्या आत पहिला हात मारा. तो निम्मा थिनर घालून पातळ करायचा, म्हणजे लाकूड पितं. दुसरा थोडा दाट, तिसऱ्यात नावापुरतं थिनर. पुढे घट्ट. एकूण सहा ते आठ हात, मध्ये दरवेळी २२० किंवा ३२० नंबरने हलकं घासून. डब्यावरची सूचना वेगळी असेल तर तीच पाळा. स्पार व्हार्निश घ्या, ते लवचिक असतं आणि त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात. घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन लाकूड फुगलं-आकसलं की तडकतं.

डबा हलवायचा नाही, काडीने ढवळायचा, नाहीतर बुडबुडे ब्रशसोबत येतात. सकाळचं दव वाळल्यावर सुरू करा, भर उन्हात नको, आणि दुपार कलायच्या आत थांबा. ओल्या हातावर दव पडलं की चमक जाते. रेलच्या टोकांना एकदोन हात जास्त द्या, तिथून लाकूड पाणी ओढतं.

पुढे वर्षातून एकदा, चमक उतरायला लागली की लगेच, हलकं घासून एकदोन हात. ओरखडा पडला तर त्याच आठवड्यात त्यावर ब्रश टेकवा, मोठ्या कामापर्यंत थांबलात तर खालून पुन्हा दुधी डाग सुरू होतील.