मदत हवी आहे : टॅब्लेटवरून घरचे थिएटर चालवायचे आहे, पण सेट-टॉप बॉक्स चालू आहे की बंद हे टॅब्लेटला कळत नाही

ठाकूरद्वार

नमस्कार मंडळी,

आमच्या गिरगावातल्या घरी, दहा बाय चौदाच्या बैठकीच्या खोलीत, प्रोजेक्टर, एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाजाचे इनपुट निवडून स्पीकर चालवणारा) आणि सेट-टॉप बॉक्स अशी तीन उपकरणे आहेत आणि ती चालवायला तीन रिमोट लागतात. वेगळा टीव्ही ठेवायला जागा नाही, त्यामुळे बातम्या असोत की मालिका, सगळे पडद्यावरच पाहिले जाते. मला याची अडचण होत नाही. अडचण आईची आहे. तिचे वय ७४, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुपारी ती घरी एकटीच असते, आणि मालिकेची वेळ झाली की ऑफिसात फोन येतो, "अरे, नुसतं निळंच दिसतंय, आता काय दाबू?" काळ्या रिमोटवरची राखाडी अक्षरे तिला वाचता येत नाहीत आणि मला ती फोनवरून दाखवता येत नाहीत.

म्हणून घरात पडून असलेल्या दहा इंची अँड्रॉइड टॅब्लेटवर एकच नियंत्रण उभे करायचे ठरवले. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर बसवले, टॅब्लेट दाराजवळ भिंतीवर लावला, आणि त्यात फुली किऑस्क हा एकच पान पूर्ण पडदाभर दाखवणारा ब्राउझर टाकून पडद्यावर चारच मोठी बटणे ठेवली : मालिका, बातम्या, सिनेमा, बंद. बाजारातला युनिव्हर्सल रिमोट का घेतला नाही असे कोणी विचारेल. तो पुन्हा तीस-चाळीस बारीक बटणांचाच असतो, आणि आज्ञा पोहोचली की नाही हे त्याला कधीच कळत नाही.

तीनपैकी दोन उपकरणांचे काम माझ्या अपेक्षेपेक्षा सहज झाले. रिसीव्हर डेनॉनचा आहे. तो घरच्या नेटवर्कला जोडलेला असला की २३ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या अक्षरांतल्या आज्ञा स्वीकारतो आणि विचारल्यावर आपण चालू आहोत की बंद, आवाज किती आहे, कोणते इनपुट निवडले आहे, हे सगळे सांगतो. दोन आज्ञांमध्ये किमान ५० मिलिसेकंद आणि चालू करण्याच्या आज्ञेनंतर पूर्ण एक सेकंद थांबावे लागते. हे पाळले तेव्हापासून तो एकदाही चुकलेला नाही. प्रोजेक्टर एप्सनचा आहे. त्याच्या मागे आरएस-२३२ चे, म्हणजे तारेवरून आज्ञा देण्याचे जुन्या पद्धतीचे, पोर्ट आहे, तिथे व्होल्टेज जुळवणारे मॅक्स३२३२ चे छोटे बोर्ड लावून ९६०० बॉडच्या वेगाने बोलता येते. त्याचे उत्तर तर मला फार आवडले, कारण तो नुसते 'चालू' आणि 'बंद' सांगत नाही. ०० म्हणजे स्टँडबाय, ०१ म्हणजे दिवा लागलेला, ०२ म्हणजे तापतो आहे आणि ०३ म्हणजे गार होतो आहे. त्यामुळे दिवा गार होण्याआधी कोणी पुन्हा 'सिनेमा' दाबले तर टॅब्लेटवर 'प्रोजेक्टर गार होत आहे, थोडे थांबा' असे मराठीत येते, आणि ते आईला पटते.

मुका आहे तो सेट-टॉप बॉक्स. त्याला नेटवर्कवरून आज्ञा देता येत नाहीत आणि एचडीएमआयच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून चालणाऱ्या सीईसीला, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याच्या सोयीलाही, तो प्रतिसाद देत नाही. उरते फक्त इन्फ्रारेड. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून नोडएमसीयू म्हणजे ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचे बोर्ड, रिमोटचे संकेत वाचणारा टीएसओपी१७३८ रिसीव्हर, दोन ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी आणि २एन२२२२ ट्रान्झिस्टर आणले. बोर्डाच्या पिनवरून १२ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये असे वाचले होते, म्हणून ४७० ओहममधून ट्रान्झिस्टरचा बेस चालवतो आणि दोन्ही एलईडी एकामागे एक जोडून, ४७ ओहमचा रेझिस्टर घालून, ५ व्होल्टवर चालवतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिले की एलईडी फिकट जांभळे लुकलुकताना दिसतात, म्हणजे प्रकाश निघतो आहे याबद्दल शंका नाही. बॉक्सच्या रिमोटची सगळी बटणे मी टीएसओपीसमोर एकेकदा दाबून त्यांच्या चालू-बंद वेळा कच्च्या स्वरूपात नोंदवल्या आहेत आणि त्याच ३८ किलोहर्ट्झवर परत पाठवतो.

आता अडचणी.

पहिली अशी की बॉक्सच्या रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच लाल बटण आहे. टॅब्लेट 'मालिका' दाबल्यावर ते बटण पाठवतो; पण बॉक्स आधीच चालू असेल तर तो त्याच क्षणी बंद होतो आणि पडदा निळा पडतो. बॉक्स शेवटी कोणत्या स्थितीत सोडला हे मी होम असिस्टंटमध्ये लिहून ठेवतो, पण आई मधूनच मूळ रिमोट हाती घेते, कधी वीज जाते, कधी मध्ये कोणी उभे राहिल्यामुळे आज्ञा पोहोचतच नाही, आणि एकदा हिशेब उलटा झाला की तो उलटाच चालत राहतो. अशा वेळी आई तेच बटण पुन्हा दाबते. आश्चर्य असे की दुसऱ्यांदा पाठवलेल्या आज्ञेने बहुतेक वेळा काहीच होत नाही, बॉक्स ना चालू होतो ना बंद.

दुसरी अडचण मला अजिबात उलगडलेली नाही. आईची वाहिनी आमच्याकडे १२२५ वर लागते. टॅब्लेट १, २, २, ५ असे चार अंक पाठवतो आणि बॉक्सच्या कोपऱ्यात १२५ उमटते. दोन अंकांमधला वेळ ३०० मिलिसेकंदांवरून ९०० पर्यंत वाढवून पाहिला, काही फरक पडला नाही. १३४८ सारखा, एकही अंक लागोपाठ दोनदा न येणारा क्रमांक मात्र दर वेळी बरोबर लागतो. मूळ रिमोटवरून १२२५ ही नीट लागते. शिवाय एलईडी बॉक्सपासून चार फुटांपलीकडे नेले की आज्ञा गळू लागतात, जेव्हा की मूळ रिमोट खोलीच्या दुसऱ्या टोकावरून चालतो.

बोर्ड बदलून पाहिले, एलईडी बदलले, वाय-फायचा संशय आला म्हणून राउटरचे २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल १ वरून ११ वर नेले, कारण आमच्या इमारतीत एका वेळी तीसेक नेटवर्के दिसतात. आज्ञा नोडएमसीयूपर्यंत पोहोचतात हे नोंदीत स्पष्ट दिसते, म्हणजे दोष त्यापुढे आहे.

बॉक्सची खरी स्थिती बाहेरून ओळखण्याचा भरवशाचा मार्ग कोणता, आणि लागोपाठ दोनदा येणारा अंक कुठे हरवतो, एवढे कोणी सांगितले तर फार उपकार होतील. टॅब्लेटवर लिहिलेले खोटे निघाले की आईचा त्यावरचा विश्वास उडतो आणि मग ती बटणाला हात लावायलाच कचरते. मला ते होऊ द्यायचे नाही.

तांब्याची_तार

तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. तुमचा रिमोट बहुधा आरसी-५ पद्धतीचा आहे. फिलिप्सने काढलेल्या या पद्धतीत एका दाबण्याचे १४ बिट जातात आणि त्यातला तिसरा बिट प्रत्येक नव्या दाबण्याला उलटतो. बोट बटणावर धरून ठेवले तर सुमारे ११४ मिलिसेकंदांनी तोच संदेश पुन्हा जातो, पण तो बिट तसाच राहतो, आणि त्यावरून समोरच्या उपकरणाला कळते की हे नवे दाबणे नाही, जुनेच धरून ठेवलेले आहे.

तुम्ही प्रत्येक बटण एकदाच नोंदवले, त्यामुळे तो बिट कायमचा गोठला. पहिल्या २ नंतर दुसरा २ हुबेहूब तसाच येतो आणि बॉक्स समजतो की बोट अजून उचललेलेच नाही. काही उपकरणे मधला वेळ मोठा झाला तर नवे दाबणे मानतात, तुमचे मानत नसावे. आईंनी लाल बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर काही होत नाही त्याचेही कारण हेच. म्हणजे तुमच्या दोन अडचणी निदान अर्ध्या तरी एकच आहेत.

अंतराचेही कारण यातच सापडेल. आरसी-५ ची वाहक लहर, म्हणजे संकेत वाहून नेणारी लुकलुक, ३६ किलोहर्ट्झची असते आणि तुम्ही ३८ वर पाठवता. जवळून ते चालून जाते, लांबून नाही. कच्च्या वेळा टाकून द्या, रिमोट पुन्हा टीएसओपीसमोर धरा आणि आयआररिमोट-ईएसपी८२६६ या तयार कोडच्या लायब्ररीला पद्धत ओळखू द्या. आरसी-५ असे छापून आले तर पाठवण्याचे काम तिच्यावरच सोपवा. तो बिट उलटवण्याचे तयार फंक्शन तिच्यात आहे आणि ३६ किलोहर्ट्झही ती स्वतःच धरते. तेच बटण लागोपाठ दोनदा दाबलेत आणि दोन वेगळे आकडे आले तर माझे निदान पक्के समजा.

ठाकूरद्वार

मनापासून आभार. आताच पाहिले, आरसी-५ च निघाले, आणि २ चे बटण लागोपाठ दाबल्यावर दोन वेगळे आकडे आले. तीन आठवडे मी एलईडी आणि रेझिस्टर बदलत बसलो होतो आणि दोष नोंदवण्याच्या पद्धतीत होता. आज रात्री कोड बदलतो. बॉक्सची स्थिती ओळखण्याचा प्रश्न मात्र अजून उभाच आहे.

गिरणगावकर

स्थिती ओळखण्यासाठी आधी बॉक्स किती वीज खातो ते मोजा. वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावा, तासभर चालू ठेवा, तासभर लाल दिव्यावर ठेवा. बऱ्याच सेट-टॉप बॉक्समध्ये 'बंद' म्हणजे फक्त चित्र बंद, आतले बाकीचे जागेच असते. त्यामुळे फरक इतका कमी निघतो की बॉक्स कधीच बंद न करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. फरक कमी पण ठाम असेल तर त्याचाच सेन्सर करता येईल. फक्त क्षणाक्षणाच्या आकड्यावर जाऊ नका, अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्या.

यूएसबी पोर्टवर ५ व्होल्ट येतात की नाही हे पाहण्याची युक्तीही आहे. १० आणि २० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज विभाजक घातला की ते ३.३ व्होल्टपर्यंत उतरतात आणि नोडएमसीयूला थेट वाचता येतात. टीव्हीला ही युक्ती अनेकदा लागू पडते. सेट-टॉप बॉक्सचे पोर्ट स्टँडबायमध्येही जिवंत राहू शकते, म्हणून आधी मल्टिमीटरने पाहा. प्रोजेक्टरला मात्र प्लगवरून कधीही तोडू नका. दिवा गार होईपर्यंत त्याचा पंखा चालू राहिलाच पाहिजे.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो. भिंतीवरचा टॅब्लेट चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी सतत चार्जवर आणि उष्णतेत राहिली की फुगू शकते, आणि मुंबईच्या मे महिन्यात भिंत गार नसते. चार्जरही स्मार्ट प्लगवर घ्या आणि होम असिस्टंटला ४० टक्क्यांवर चालू, ८० टक्क्यांवर बंद करायला सांगा. फुली किऑस्क बॅटरीचा आकडा देतो.

ठाकूरद्वार

चार दिवसांनी लिहितो आहे, कारण नीट मोजल्याशिवाय लिहायचे नव्हते.

आरसी-५ चा बदल केल्यापासून १२२५ दर वेळी लागते आणि एलईडी आता प्रोजेक्टरच्या ब्रॅकेटवर, बॉक्सपासून अकरा फुटांवर आहेत. आज्ञा गळत नाहीत. बॉक्स चालू असताना १० वॉट घेतो आणि 'बंद' असताना ८. म्हणजे दिवसाचे अठरा तास विनाकारण चालू राहिला तरी वर्षाला जेमतेम १३ युनिट जादा जातात. एवढ्यासाठी बंद करण्याचा अट्टहास मी सोडला. टॅब्लेटचे 'बंद' आता फक्त प्रोजेक्टर आणि रिसीव्हर बंद करते. आईने सवयीने लाल बटण दाबलेच तर अर्ध्या मिनिटाची सरासरी ९ वॉटच्या खाली जाते, आणि 'मालिका' दाबल्यावर फक्त त्याच वेळी टॅब्लेट चालू करण्याची आज्ञा पाठवतो. आज्ञेनंतर सरासरी वर आली नाही तर तो एकदाच पुन्हा प्रयत्न करतो, आणि तोही फसला तर पडद्यावर 'बॉक्स बंद आहे' असे खरे तेच लिहितो. बॉक्सचे यूएसबी पोर्ट स्टँडबायमध्येही ५ व्होल्ट देते, तेव्हा ती वाट बंद.

वीज जाऊन आल्यावर बॉक्स स्वतःच चालू स्थितीत उठतो, हे मुद्दाम प्लग काढून तीनदा पाहिले. उठायला त्याला पावणेदोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ टॅब्लेट आज्ञा रोखून धरतो आणि 'बॉक्स सुरू होत आहे' असे दाखवतो. चार्जरसाठी दुसरा प्लग आणला आहे, तो उद्या लावीन.

काल आणि आज दुपारी आईने स्वतः 'मालिका' लावली. संध्याकाळी घरी आलो तर ती म्हणाली, "ती अक्षरं अजून थोडी मोठी कर, आणि आवाजाचं बटण कुठंय?" ते चार बटणांत मी ठेवलेच नव्हते. आवाजासाठी सरकपट्टी ठेवावी की अधिक-उणे अशी दोन बटणे? तिचे बोट किंचित थरथरते, म्हणून मला दोन बटणेच बरी वाटतात, पण कोणी वयस्कर माणसांसाठी असा पडदा मांडला असेल तर त्यांचा अनुभव जरूर लिहावा.