पामतेल नको म्हणणं सोपं, पण चकलीचा भाव कोण देणार?

घोडबंदरवाली:
सोसायटीतल्या फराळाची ऑर्डर दरवर्षी बचत गटाच्या काकूंकडे जाते. यंदा ग्रुपवर ठरलं की तळण पामतेलात नको, त्यापायी इंडोनेशिया-मलेशियातली जंगलं साफ होतात. काकूंनी विचारलं, "मग शेंगदाणा तेलाचा भाव देणार का?" त्यावर सगळे गप्प. माझं मत, द्यावा. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला. सुमात्रा-बोर्निओत ओरांगउटान बेघर होतायत, त्यात आपल्या कढईचा वाटा आहेच.

दाणाबंदर:
ताई, मी तुर्भ्याला तेलाच्याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं बोलणं सोयीचं वाटेल. वाटू दे. हेक्टरी पामचं तेल वर्षाला साधारण ३ ते ४ टन निघतं, सोयाबीनचं जेमतेम अर्धा टन. सगळ्यांनी पाम सोडलं तर तेवढंच तेल काढायला कितीतरी पट जमीन लागेल. आणि सोयातेल येतं कुठून? अर्जेंटिना, ब्राझील. ब्राझीलमधल्या सेराडोचा, म्हणजे तिथल्या झाडी-गवताच्या माळरानाचा, केवढा तरी पट्टा सोयाबीनखाली गेलाय, त्याचं कुणी नाव काढत नाही. शिवाय पामोलिनमधली, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागात तळलेली, चकली लवकर खवट होत नाही. वडापाववाल्याला तर विचारूच नका, त्याला परवडतं तेच तो घेणार.

येऊरचा पायथा:
हेक्टरी उताऱ्याचा हिशोब मान्य, पण जमीन कुठली हे तो सांगत नाही. सुमात्रा-बोर्निओतलं बरंच जंगल पीटवर उभं होतं, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून साठलेल्या पाल्यापाचोळ्याच्या थरावर. लागवडीसाठी चर खणून पाणी काढून टाकतात. थर वाळतो, आणि एकदा पेटला की आतल्या आत धुमसत राहतो. वरून पाणी मारून काही होत नाही, चांगला पाऊस लागेपर्यंत वाट बघायची. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. सगळंच काही पामपायी नव्हे, पण धूर एवढा की सिंगापूरला शाळांना सुट्टी द्यावी लागली. तो धूर हिशोबात धरा, मग उतारा सांगा. इथे ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात एक बंगला वाढला तरी आपण बोंब मारतो.

खारी-चहा:
बोंब मारून बंगले थांबले का पण?

सीवूड्सचे आजोबा:
कढईतलं बदलाल हो, बिस्किटांचं काय? साबण, शॅम्पू, आइस्क्रीम म्हणून खपणारं फ्रोझन डेझर्ट? पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचा जरा. दुसरं, इंडोनेशियातल्या पामच्या लागवडीत जवळपास ४० टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांचं आहे. बहिष्काराचा पहिला फटका त्यांना. बहिष्कारापेक्षा तेल कुठल्या मळ्यातून आलं हे विचारा. निसर्ग सांभाळून पिकवलेल्या, प्रमाणित पामतेलासाठी आरएसपीओ ही संस्था २००४ पासून आहे. आपण किराणावाल्याकडे फक्त भाव विचारतो.

येऊरचा पायथा:
आजोबा, प्रमाणपत्राचा शिक्का बघून जंगल थांबत नाही. तरी विचारायला हरकत नाही. मला जास्त धास्ती घरची आहे. २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटींचं पामतेल अभियान आणलं, भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. ईशान्येतल्या झूम शेतीची, म्हणजे झाडी जाळून दर काही वर्षांनी जागा बदलणाऱ्या शेतीची, पडून असलेली जमीन कागदावर पडीक दिसते, पण काही वर्षांत तिच्यावर पुन्हा झाडी येते. पाम लावलं की पंचवीस-तीस वर्षं अडकली.

दाणाबंदर:
म्हणजे बाहेरून आणलं तरी पाप, इथे पिकवलं तरी पाप? मग तळण बंद करून फराळ भाजकाच ठेवा.

घोडबंदरवाली:
चिडू नका हो. खरं तर पन्नास घरांनी तेल बदलून सुमात्राला ढिम्म फरक पडत नाही, हे मलाही कळतं. पण किमान आपण काय विकत घेतोय हे तरी माहीत हवं. काकूंकडून दोन्ही भाव मागवलेत, ज्याला जे हवं ते त्याने नावासमोर लिहावं.

खारी-चहा:
यादी इथेही टाका. कोणाचं जंगलप्रेम किती रुपये किलोपर्यंत टिकतं ते बघायचंय.

दाणाबंदर:
आणि लवकर ठरवा. सणाच्या तोंडावर डब्याचा भाव चढला की मग माझ्या नावाने खडे फोडाल.